हर्निया म्हणून सांगितलेलं ऑपरेशन

माझं ऑपरेशन झालं ते सर्कमसिजनचं. आपल्या बोलीत सुंता. हे एवढं वाक्य कागदावर लिहायला मला वर्ष लागलं. दालमिलमध्ये, भावाला, सासुरवाडीला, शेजारी आणि बायकोलासुद्धा मी हर्निया सांगितला होता.

मी मुसलमान नाही. वय एकोणचाळीस, राहायला जळगावात पिंप्राळ्याला, एका मुलीचा बाप. या वयात, या कारणासाठी सरकारी दवाखान्याच्या यादीत नाव लावलेला दुसरा माणूस मला कुठे भेटला नाही. भेटला असता तर चार गोष्टी विचारल्या असत्या. तसा कोणी तुम्ही असाल तर हे तुमच्यासाठी. माणसांची नावं बदलली आहेत आणि दवाखान्यांची लिहीत नाही. तिथे माझं कोणी वाईट केलं नाही. तिथे माणसं कमी होती आणि आजारी खूप होते, एवढंच.

तो दिवस

माझं लग्न तेहतिसाव्या वर्षी झालं. शेती नाही, आयटीआय करून दालमिलमध्ये मशिनरी सांभाळणारा माणूस, मुलगी कोण देणार? वंदना यावलकडची. तिचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला होता. काविळीने गेला असं आम्हाला सांगितलं होतं आणि तिलाही तेवढंच माहीत होतं.

लग्नाला वर्ष होत आलं तेव्हा तिला दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात सरकारी दवाखान्यात नाव घातलं. तिथे सगळ्याच बायकांचं रक्त तपासतात. दोन दिवसांनी निरोप आला, नवऱ्याला घेऊन या. माझंही रक्त घेतलं. मग एका छोट्या खोलीत समुपदेशक मॅडमनी आम्हाला समोर बसवलं.

"भाऊ, तुमचा रिपोर्ट चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी खुर्ची थोडी वंदनाकडे सरकवली. "ताई, तुमच्या रक्तात एचआयव्ही सापडलाय."

त्या क्षणाचं खरं सांगतो. याआधी कोणाला सांगितलेलं नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मी वाचलो, असं. ते माझ्या तोंडावर उमटलं असणार, कारण वंदना मॅडमकडे न बघता माझ्याकडे बघत होती, आणि मग तिने मान खाली घातली.

तिने स्वतःबद्दल काही विचारलं नाही. "बाळाचं काय?" एवढंच विचारलं.

मॅडमनी नीट समजावलं. रोज गोळी घ्यायची, चुकवायची नाही. बाळंतपण दवाखान्यातच. बाळाला जन्मल्याबरोबर औषध. वंदनाने त्यातलं अक्षरन् अक्षर पाळलं. ओवी झाली. दीड वर्षाची असताना तिची शेवटची तपासणी झाली आणि तीही चांगली आली. त्या दिवशी वंदना दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून इतकी रडली की येणारी-जाणारी माणसं थांबून विचारायला लागली, कोण गेलं?

बाहेरची खोली

आता माझ्याबद्दल.

मला तरुणपणापासून एक त्रास होता. पुढची कातडी घट्ट, मागे सरकायची नाही. डॉक्टर त्याला फायमोसिस म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दुखायचं, पण चालून जायचं. तिशी ओलांडल्यावर वाढलं. कातडीला चिरा पडायच्या, सूज यायची, लघवीला आग व्हायची. आठ-दहा दिवसांनी बरं वाटायचं, की परत तेच.

मॅडमनी सांगितलं होतं, निरोध वापरा, बाकी संसार नेहमीसारखा करा. पण निरोध वापरला की मला चिरा पडायच्या. आणि चिरेतूनच हा रोग शिरतो असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एकदा तशा चिरेवर रक्ताचा ठिपका दिसला आणि पुढचे तीन महिने, माझा पुढचा रिपोर्ट येईपर्यंत, जेवलेलं माझ्या अंगी लागलं नाही.

त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. मिलची पाळी पहाटेची आहे, उगाच ओवीची झोप मोडते, असं सांगितलं. वंदनाने "बरं" म्हणून उशी आणून दिली. का, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. स्वतःच्या बायकोला काय सांगणार, की माझ्यातच खोट आहे? तिच्याकडे एवढा मोठा आजार, त्यात माझं हे रडगाणं कुठे ठेवणार? असं मी स्वतःला समजावत होतो. ऐकायला ते चांगलं वाटायचं, पण खरं कारण भीती होती.

थोड्या दिवसांनी वंदनाने तिचं ताट आणि पेला वेगळा केला. त्याची काहीच गरज नाही, हे मॅडमनी दहा वेळा सांगितलेलं. मी तो पेला उचलून बाकीच्या भांड्यांत ठेवायला हवा होता. पाच वर्षांत मी तो एकदाही उचलला नाही.

"यासाठी वेगळं टेबल नाही"

दर सहा महिन्यांनी मी तपासणीला जायचो. गेल्या वर्षी अशाच एका तपासणीला मॅडमनी सरळ विचारलं, "भाऊ, घरी कसं चाललंय? म्हणजे तुम्हा दोघांचं?"

"चाललंय," मी म्हणालो.

"चाललंय म्हणजे?"

पाच वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी दाराकडे बघितलं, दार लावलेलं होतं. मग मी सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत की दचकल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठी लिहून सर्जरीच्या ओपीडीला पाठवलं.

तिथला डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. त्याने तपासलं, हात धुतले आणि म्हणाला, "हे ऑपरेशन पाच-सहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. कातडी काढून टाकू. आग, चिरा, सगळं थांबेल."

"आणि तो धोका, साहेब?"

"बायकोकडून तुम्हाला लागण व्हायचा ना? याने कमी होतो. जात नाही, कमी होतो. ताईंच्या गोळ्या चालू आहेत, रक्तात विषाणू सापडत नाही, हे तुमचं सगळ्यात मोठं संरक्षण. निरोध चालू ठेवायचा, तपासणी चालू ठेवायची. हे ऑपरेशन त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्याऐवजी नाही."

तो पुढे म्हणाला, "आफ्रिकेतल्या काही देशांत सरकार याच कामासाठी शिबिरं घेतं. आपल्याकडे तसं काही नाही. यासाठी वेगळं टेबल नाही, वेगळा दिवस नाही. तुमचं नाव साध्या ऑपरेशनच्या यादीत लागेल. अपघात आला, बाळंतपण अडलं, अपेंडिक्स फुटलं, की ते आधी. तुम्ही मागे. चालेल?"

चालेल म्हणालो. खाजगीत जायची ऐपत नव्हती, आणि जळगावात खाजगी डॉक्टरच्या बाकावर कोण ओळखीचं भेटेल याचा नेम नव्हता.

तारखा

पहिल्या तारखेला मी उपाशी पोटी, अंगात दवाखान्याचा हिरवा झगा घालून सकाळी आठपासून बाकावर बसलो. दुपारी एकला सिस्टरने सांगितलं, हायवेवर गाडी उलटली आहे, चार जण आलेत, आज होणार नाही. दारातून स्ट्रेचर जाताना मी बघितलं होतं. तक्रार कुठल्या तोंडाने करणार?

दुसऱ्या तारखेला भूलतज्ज्ञ एकच होते आणि ते सिझरला गेले. त्यामागोमाग दुसरं सिझर आलं. तिसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशीच फोन आला, सर्जन साहेबांची बदली झाली, नवीन येईपर्यंत थांबा.

प्रत्येक तारखेला मिलमध्ये सुट्टी मागावी लागायची. आमचे शेठ मारवाडी, बोलायला कडक पण मनाने बरे. तिसऱ्या वेळी म्हणाले, "सुनील, तुझा हर्निया आहे की तहसीलची केस? तारखेवर तारीख!" सगळे हसले. मीही हसलो.

मिलमध्ये आमच्याकडे हमालीला रशीदचाचा आहेत. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्यांच्याशेजारी बसलो असताना फार वाटलं, यांना विचारावं, घरच्या पोरांचं करता तेव्हा किती दिवस दुखतं, पाणी कधी लावायचं. चाचांनी सांगितलं असतं, हसलेही नसते. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "चाचा, भाजी कशाची आहे?"

आजाराचं दुखणं निम्मंच असतं. बाकीचं निम्मं हे, की तुम्ही शंभर माणसांत बसलेले असता आणि ज्याला विचारायचं त्याला भाजी विचारता.

शेवटी ओपीडीतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी धुळ्याची चिठ्ठी दिली. तिथे टेबलं जास्त आहेत, म्हणाले, चार दिवस राहायच्या तयारीने जा.

धुळे

एरंडोल, पारोळा करत एसटी दुपारी धुळ्याला पोचली. पिशवीत दोन लुंग्या, टॉवेल, रिपोर्ट. वंदनाने शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी बांधून दिली होती. "मी येऊ का सोबत?" तिने विचारलं होतं. "हर्नियाला कशाला सोबत?" मी म्हणालो होतो.

पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात मला भिंतीकडची खाट मिळाली. शेजारच्या खाटेवर साक्रीकडचे एक म्हातारे आबा होते, प्रोस्टेटचं ऑपरेशन झालेलं, खाटेला लघवीची पिशवी टांगलेली. त्यांच्याकडे बायको, दोन लेक, एक जावई असा सारखा राबता. मी पिशवी ठेवली तशी आबांनी त्यांच्या अहिराणीत विचारलं, "काय भाऊ, एकलाच ऊना का?"

"हो आबा. छोटं ऑपरेशन आहे."

"छोटं काय नि मोठं काय. कोनी तरी जोयजे ना सोबत." आणि बायकोला म्हणाले, "याले बी चहा दे वं."

दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. "भाऊ, इथे तुमची सही. आणि इथे नातेवाइकाची. उद्या यादीत नाव आहे. नातेवाईक कुठे आहेत?"

"कोणी नाही आलं, सिस्टर."

"मग बोलवा. ऑपरेशननंतर तुम्हाला पाणी कोण देणार, गोळ्या कोण आणणार? चाळीस पेशंटला आम्ही दोघी आहोत. सोबत कोणी नसेल तर डॉक्टर नाव पुढे ढकलतील. मला हो म्हणता येणार नाही."

मी व्हरांड्यात जाऊन फोन हातात धरून उभा राहिलो. भावाला बोलवायचं तर तो फॉर्म वाचणार. मग वहिनी, मग आई, मग गाव. "का रे, सुंता का करतोय?" याचं उत्तर द्यायचं तर वंदनाचं गुपित फोडावं लागणार. मित्र म्हणावे असे दोघे होते. दोघांची नावं फोनमध्ये काढली आणि परत बंद केली. चौथ्यांदा नाव मागे पडणार हे दिसत होतं. आतमध्ये आबांचा जावई त्यांचे पाय चेपत होता.

मी वंदनाला फोन लावला. "नातेवाइकाची सही लागते म्हणतात," एवढंच सांगितलं.

"ओवीला शेजारच्या काकूंकडे ठेवते. अकराची गाडी मिळेल," ती म्हणाली.

सही

ती आली तेव्हा चार वाजले होते. सिस्टरने फॉर्म पुढे केला. वंदना दहावी शिकलेली आहे, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. ती वाचत होती आणि मी तिच्या चपलांकडे बघत होतो.

"सिस्टर, हे काय लिहिलंय?"

"पुढची कातडी काढायचं ऑपरेशन, ताई. घाबरू नका, छोटं असतं."

"आणि हर्निया?"

सिस्टरने कागद उलटून बघितला. "हर्निया नाही यांना."

वंदनाने सही केली. पेन परत दिलं. मग मला म्हणाली, "चला, बाहेर चला."

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याच्या टाकीजवळ आम्ही उभे राहिलो.

"कधीपासून आहे?"

"लग्नाआधीपासून. नंतर वाढलं."

"म्हणून तुम्ही बाहेरच्या खोलीत?"

"म्हणूनही. आणि भीती पण वाटायची."

ती म्हणाली, "पाच वर्षं मला वाटतंय, तुम्हाला माझी किळस येते. मी दिवसातून दोनदा अंघोळ करते, थंडीतसुद्धा. तुमच्या लक्षात आलंय का? मला वाटायचं, अंगाला गोळ्यांचा वास येत असेल."

माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तू विचारायचं ना एकदा," मी म्हणालो. म्हणताक्षणीच कळलं, चुकीचं बोललो.

"मी विचारायचं?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "जिच्यामुळे घरात रोग आला, तिने विचारायचं, की अहो, माझ्याजवळ का येत नाही? कुठल्या तोंडाने?"

मला तिचा हात धरावासा वाटला. टाकीवर माणसं पाणी भरत होती. मी धरला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं, ऑपरेशनच्या दुखण्यापेक्षा जास्त.

इतकं खाली नसतं

ऑपरेशन साडेअकराला झालं. कमरेत इंजेक्शन दिलं, खालचं अंग दगडासारखं झालं. समोर हिरवा पडदा, पलीकडे डॉक्टर आपसांत कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होते. पाऊण तासात बाहेर. एवढ्यासाठी मी चार महिने फिरलो होतो.

भूल उतरल्यावर मात्र कळलं. पहिल्यांदा लघवीला गेलो तेव्हा भिंत धरून उभा राहिलो, डोळ्यांतून पाणी. खाटेवर परत आलो तर चादर अंगाला लागली तरी जीव जायचा. डॉक्टर ड्रेसिंग बघून गेले. पडदा नीट सरकला नव्हता. आबा आपल्या खाटेवरून बघत होते.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "हर्निया मन्हा बी व्हयना व्हता. तो इतला खाले नही ऱ्हास."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"माले काय करनं शे? मी कोनले नही सांगाव." मग थोड्या वेळाने, "दुखस का? रड. आठे बठ्ठा रडतस. मी बी रडनू."

इथे सगळेच रडतात हे ऐकून मी रडलो नाही, हसलो, आणि हसताना टाके ओढले गेले म्हणून ओरडलो. मग आबाही हसले आणि त्यांनाही दुखलं. त्या वॉर्डात माझं खोटं ज्याला कळलं आणि ज्याने ते तसंच राहू दिलं, असा हा एक माणूस. चादर अंगापासून वर कशी धरायची तेही त्यांनीच सांगितलं. पुठ्ठ्याचं खोकं दोन बाजूंनी कापून मांड्यांवर ठेवायचं आणि वरून चादर. मिठाईचं खोकं त्यांच्या जावयाने आणून दिलं.

वंदना दोन दिवस थांबली. गोळ्या वेळेवर दिल्या, वरण-भात आणला, कपडे धुतले. कामापुरतं बोलली. आबांची बायको तिला म्हणाली, "नवरा बरा व्हई जाई, पोरी, कसाले तोंड पाडस?" तर ती फक्त हसली.

एकवीस दिवस

घरी आल्यावर तिने माझ्या गोळ्या वेगवेगळ्या पाकिटांत भरून ठेवल्या. सकाळ, दुपार, रात्र असं लिहिलं. मग ओवीचे कपडे पिशवीत भरले.

"मला थोडे दिवस माहेरी जाऊ द्या. रागावून जात नाहीये. मला विचार करायचाय आणि तुमच्यासमोर तो होत नाही."

ती एकवीस दिवस नव्हती. शेजारच्या काकू भाकरी द्यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "टाके कुठवर आलेत?" मी पोटावर हात ठेवून दाखवायचो. शेठचा फोन आला. परत आलास की वजन उचलायचं नाही, काट्यावर बसून पावत्या फाड, म्हणाले. एवढा चांगुलपणा, आणि तो माझ्या खोट्या आजाराला. फोन ठेवल्यावर मला चोरासारखं वाटलं.

ड्रेसिंग मी स्वतः करायचो, आरसा खुर्चीवर उभा करून. त्या घरात दिवसभर कोणी बोलत नव्हतं. कुकरची शिट्टी वाजली तरी बरं वाटायचं. मी विचार करायचो, वंदना या घरात पाच वर्षं अशीच होती का? माणसं होती, पण तिच्याशी त्या एका गोष्टीवर बोलणारं कोणी नव्हतं. मी वाईट एकवीस दिवस काढले. तिचे किती झाले ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

दहाव्या दिवशी सकाळी उठलो तर लुंगीवर रक्त. बारीक डाग नाही, चांगलं तळहाताएवढं. मॅडमना फोन लावावा, डॉक्टरना लावावा, काही सुचलं नाही. बोटं आपोआप वंदनाच्या नावावर गेली.

"रक्त आलंय," मी म्हणालो.

"स्वच्छ कापूस घ्या. दाबून धरा. धरलं का? अजून येतंय का?"

"थोडं."

"धरून ठेवा. आता रिक्षा बोलवा आणि दवाखान्यात जा. फोन बंद करू नका. बोलायला नको असेल तर बोलू नका, नुसता चालू ठेवा."

रिक्षात बसलो. खड्ड्यागणिक जीव वर येत होता. फोन कानाशी. पलीकडून वंदनाचा श्वास, मागे कोंबड्यांचा आवाज, ओवीचं "आई, कोणाचा फोन आहे?" आणि तिचं "बाबांचा." दवाखान्याच्या दारापर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. इतका वेळ आम्ही एकमेकांजवळ कित्येक वर्षांत नव्हतो.

डॉक्टरांनी बघितलं. एक टाका लवकर सुटला होता, काळजीचं काही नाही म्हणाले, नवीन पट्टी केली. मी फोन कानाला लावला. "ऐकलं का?"

"ऐकलं. आता जेवून घ्या," ती म्हणाली, आणि मग फोन ठेवला.

घरी

एकविसाव्या दिवशी मी स्वतः आणायला गेलो. यावलला उतरून पुढे काळीपिवळी जीपने. सासूबाईंनी शेवभाजी केली होती. त्यांना सगळं हर्नियाच माहीत, म्हणून मला पाटाऐवजी खुर्ची दिली. परत निघालो तेव्हा गाडीला वेळ होता. केळीच्या बागेच्या कडेला ओवी पुढे पळत होती, आम्ही मागे हळूहळू चालत होतो.

"मी विचार केला," वंदना म्हणाली. "लोकांना खरं सांगता येणार नाही. ते मला मान्य आहे. ओवीचं लग्न व्हायचंय, आपल्याला इथेच राहायचंय. पण यापुढे खोटं बोलायचं असेल तर दोघांनी मिळून ठरवून बोलायचं. मला वगळून नाही."

"बरं."

"नुसतं बरं नको."

"नाही वगळणार," मी म्हणालो.

ती पुढे म्हणाली, "मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाहीये. होईल. वेळ लागेल." असं सरळ सांगितलं म्हणून मला उलट धीर आला.

ऑपरेशनला आता वर्ष होऊन गेलं. जखम दीड महिन्यात भरली. तोवर संबंध टाळायचे असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते पाळलं. चिरा थांबल्या. निरोध चालू आहे, तिच्या गोळ्या चालू आहेत, माझी तपासणी चालू आहे. भीती गेली का? नाही. रिपोर्टच्या दिवशी अजून भीती वाटते. पण आता आदल्या दिवशी मी ते वंदनाला सांगतो आणि ती म्हणते, "मलाही."

एक गोष्ट राहिली होती. तिच्या गोळ्या मिळतात त्या केंद्रावर मी इतक्या वर्षांत कधी गेलो नव्हतो. ती तारीख ती एकटीच सांभाळायची, मला कळायचीही नाही. गेल्या महिन्यात मी अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि तिच्यासोबत गेलो.

बाकांवर तीस-चाळीस माणसं असतील. पुष्कळशा बायका, तोंडावर पदर किंवा ओढणी, प्रत्येकीच्या मांडीवर पिशवी. कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. पुरुष थोडे होते तेही एकेकटे, दाराकडे पाठ करून बसलेले. वंदना सवयीने एका बाकाच्या टोकाशी जाऊन बसली. मी तिच्याशेजारी बसलो.

पुढच्या बाकावरची एक बाई मागे वळली. चाळिशीची असेल, कपाळ मोकळं. वंदनाला ओळखत होती बहुतेक, दर महिन्याची ओळख. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग वंदनाकडे.

"हे आमचे मिस्टर," वंदना म्हणाली.

ती बाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, काही विचारेल. तिने पिशवी उचलून मांडीवर नीट केली.

"बरं केलं आलात, भाऊ," ती म्हणाली. "इथे आमच्यासोबत कोणी येत नाही."

मग आतून नंबर पुकारला गेला आणि ती उठून गेली.